ताई, वहीतल्या त्या प्रश्नचिन्हासाठी

प्रिय ताई,

समोर बसून हे बोलायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून उघड पत्रच लिहिते आहे. शिवाय अत्याचारपीडितांसोबत काम करणाऱ्या इतरांनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

त्या दिवशी तुम्ही मी हाताळत असलेल्या पीडितांच्या केसेसच्या नोंदी चाळत होतात. आधीच्या नोंदी दोन-दोन पानांच्या, नंतरच्या जेमतेम चार ओळींच्या. वही माझ्याकडे फिरवून तुम्ही म्हणालात, "महिनाभरात एकही प्रश्नचिन्ह नाही. तुला प्रश्न पडायचे थांबले का गं?" मला वाटत होतं, हात बसला, कामाला वेग आला. खरं तर मी ऐकणंच बंद केलं होतं. घरी मात्र उलटं चाललेलं. लेकीला क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझे हातपाय गार पडायचे. रात्री दाराची कडी तीन-तीनदा तपासायचे. ज्यांच्यावर खरोखर बेतलंय त्यांच्यापुढे आपलं कसलं रडगाणं, म्हणून कुणाला बोलले नव्हते.

तुम्ही त्याला नाव दिलंत, परोक्ष आघात; म्हणजे दुसऱ्यांवरचे अत्याचार ऐकून ऐकून ऐकणाऱ्यालाच बसणारा धक्का. असं काम करणाऱ्याची माणसांकडे, जगाकडे पाहण्याची नजरच हळूहळू बदलते, हे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडलं होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेतही, कामाचा भाग म्हणून अत्याचाराचे तपशील पुनःपुन्हा कानावर पडणं हा आघाताचाच एक प्रकार धरला आहे. हे ऐकलं आणि किती दिवसांनी मी रडले.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. "सुट्टी घे, फिरून ये" म्हणून तुम्ही माझी बोळवण केली नाहीत. माझं वेळापत्रक मागवलंत. लैंगिक हिंसेच्या लागोपाठ पाच केस माझ्याकडे होत्या, त्यातल्या दोन दुसऱ्यांकडे दिल्यात. जड केस झाली की त्या दिवशी नवी घ्यायची नाही, हा नियम सगळ्यांनाच लावलात. दर पंधरवड्याला तासभर सुपरव्हिजन, म्हणजे केसेसबद्दल आणि त्यांचा आपल्यावर काय परिणाम होतोय याबद्दल मोकळेपणी बोलणं, कितीही गर्दी असली तरी रद्द नाही. आणि सहकाऱ्यापाशी मन मोकळं करायच्या आधी "आत्ता ऐकू शकशील का?" असं विचारायचं, तेही गरजेपुरतंच सांगायचं. ही सवय तर आता घरीसुद्धा लागली आहे.

श्वासाचे व्यायाम मी करते, उपयोगही होतो. पण अंगावरचा केसेसचा भार उतरला नसता तर ते पुरले नसते, हे माझं ठाम मत आहे.

परवा एक मुलगी सांगता सांगता एका शब्दाशी अडली आणि खिडकीकडे बघत बसली. ती तिथेच का थांबली असेल? नोंदीत एवढंच लिहून ठेवलंय. तुम्ही वाचाल म्हणून पानाचा कोपरा दुमडलाय.

तुमचीच,
शेजारच्या खोलीतली