रविवारची बैठक : घुंगरू आणि वही दोन्ही आणा

मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीच्या हॉलवर जमायचं आहे. मागच्या खेपेला निम्मी मंडळी दहाला उगवली आणि तबलजी तबला लावून नुसते बसून राहिले. या वेळी तसं नको.

विषय आहे कथक नृत्यांगना रोहिणी भाटे. त्यांचा नाच आपण बोलण्यात नेहमी आणतो, बाकीचं काम मात्र राहून जातं. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या कथक गुरूंकडे शिकलेल्या रोहिणीताईंनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ ही कथक शिकवणारी संस्था काढली. मंचावरच्या टाळ्या सांभाळून संस्था वर्षानुवर्षं चालवणं, हे मला तरी जास्त अवघड वाटतं! पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथकच्या अभ्यासक्रमाची घडी बसवण्यातही त्यांचा हात होता. शिवाय अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं.

प्रत्येकाने तीनतालातली (सोळा मात्रांचा ताल) एक तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा बोलांचा तुकडा, तयार करून यायचं. आधी हातावर टाळी-खाली दाखवत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मगच पाय. समेवर चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून.

चहा आहे, नाश्ता घरून करून या. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.