येरवड्याला शिकवायला येणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. येरवड्याच्या महिला कारागृहात आपण शिकवायला येत होतात, तेव्हा स्वयंपाकगृहातले काम उरकून वर्गाच्या दाराशी बसणारी मी आपल्याला आठवत असेन की नाही, ठाऊक नाही. मला मात्र आपला एकेक तास आठवतो.

अटकेनंतर ज्या कागदांवर मी अंगठा उठवला, ते मला कोणी वाचून दाखवले नव्हते आणि विचारण्याचा धीर मला झाला नव्हता. आपण मला ‘अ अननसाचा’ शिकवला नाहीत. शिध्याच्या वहीतले, रोज माझ्या हाताखालून जाणारे ‘मीठ’ आणि ‘डाळ’ हेच शब्द आपण पाटीवर लिहून दिलेत. ‘डाळ’मधला ‘ळ’ आठवडाभर जमेना, तेव्हा कणकेने माखलेला माझा हात आपल्या हातात धरून आपण तो गिरवून घेतलात.

मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच कारागृहात आईजवळ राहू शकते. माझी लेक बालगृहात गेल्यावर मी तिला चार ओळींचे पत्र लिहिले आणि आपण त्यातली एकही चूक न सुधारता ते जाऊ दिलेत. उत्तरात तिने माझ्या ‘शाळेत’वरची राहिलेली मात्रा लाल पेनने काढून पाठवली होती. तो कागद मी साऱ्या बराकीला दाखवला.

शाळेचा दाखला नसलेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षेतून पदवीपर्यंत नेणाऱ्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अर्ज आपणच आणून दिलात. शिक्षेत सूट मिळावी म्हणून बायका शिकतात, असे काही जण म्हणत. सूट कोणाला नको असते, आणि त्यात गैर ते काय? पण पहिल्या वर्षाचा अभ्यास चालू असताना मी माझ्या खटल्याच्या निकालपत्राची प्रत स्वतः वाचली. माझी बाजू कुठे मांडलीच गेली नव्हती हे त्यातून कळले, आणि माझ्या हातून जे घडले तेही प्रथमच, ज्यांचे माणूस गेले त्यांच्या साक्षीतून वाचले. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी आपण काही न विचारता शेजारी बसून राहिलात, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानते.

आपली पाटी सुटताना मी सोबत आणली नाही. स्वयंपाकगृहात नव्याने आलेल्या एका मुलीकडे ती ठेवली आहे. मी निघाले तेव्हा ती ‘मीठ’ लिहीत होती.

आपली विद्यार्थिनी