बाबा, तो रिपोर्ट मला हवा आहे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि फोन ठेवून देता. म्हणून लिहायला बसले.

आईच्या बीजांडकोशाच्या कॅन्सरच्या फायलीत केमोच्या पावत्यांच्या मागे एक पांढरं पाकीट आहे. त्यातला जीन टेस्टचा रिपोर्ट मला द्या. आईच्या बीआरसीए-1 जीनमध्ये दोष होता, म्हणजे हा कॅन्सर व्हायचा धोका वाढवणारा जन्मजात दोष, असं त्यात लिहिलंय. पुढच्या गोळ्या ठरवायला ती टेस्ट केली होती. त्या धावपळीत कागद फायलीला लागला आणि राहिला. पण तो दोष माझ्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी आहे, दादातही तेवढीच. दादा म्हणतो, पुरुषांना काय त्याचं! प्रोस्टेटचा धोका वाढतो, क्वचित स्तनाच्या कॅन्सरचाही, आणि त्याच्याकडून तो मुलीकडे जाऊ शकतो. आजी "पोटातल्या गाठीनं गेली" असं आई सांगायची ना? ती गाठ कसली असेल, ही शंका आता माझ्या मनातून जात नाही.

"नको ते उकरू नकोस," म्हणालात. मला वाटतं, टेस्टपेक्षा तुम्हाला ते गॅसच्या गोळ्यांचे महिने जास्त छळतात. आई अर्ध्या पोळीवर ताट सरकवायची. तलावपाळीची फेरी रंगायतनपाशीच संपायला लागली होती. दंड वाळले होते आणि परकराची नाडी मात्र पुरत नव्हती. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली हो! ते पोटात साठलेलं पाणी होतं, हे आपल्याला कुठून कळणार? गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या, तुम्ही आणून दिल्यात. सोनोग्राफी सांगणं त्यांचं काम होतं. पॅप स्मिअर नॉर्मल आली म्हणून आपण निर्धास्त होतो, पण ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते. बीजांडकोशाचं तिला काही कळत नाही.

आणि "दरवर्षी चेकअप केलं असतं तर" हे तर मनातून काढूनच टाका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-125 ही रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी. 2021 मध्ये निकाल आला: तपासण्या करूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा आधी तुमचीच आठवण झाली.

म्हणूनच माझ्यासाठी ही टेस्ट महत्त्वाची. एरवी बाईला आयुष्यात हा कॅन्सर व्हायची शक्यता 1 टक्क्याच्या आसपास, बीआरसीए-1 चा दोष असेल तर 39 ते 58 टक्के. दोष निघाला तर मूल झाल्यावर, साधारण 35 ते 40 या वयात, नळ्या आणि बीजांडकोश काढून टाकायला सांगतात. मी 38 ची आहे. पाळी लवकर जाईल, हाडांकडे बघावं लागेल, ते मी बघेन. आईचा रिपोर्ट हातात असला की माझ्या रक्तात नेमका तेवढाच दोष शोधायचा. खारघरला अ‍ॅक्ट्रेक या टाटा हॉस्पिटलच्या केंद्रात जेनेटिक्स क्लिनिक आहे, आमच्या नेरूळहून काही लांब नाही. सोबत हे येणार आहेत. तुम्ही येऊ नका, हॉस्पिटलची बाकडी तुम्ही पुरेशी झिजवलीत.

राहता राहिली मावशी. तिलाही दोन मुली आहेत. वर्षश्राद्धाला सगळे येतीलच, पण पानं वाढताना हे सांगायचं नाही. आधी तुम्ही तिला फोन करून एवढंच म्हणा, की मी बोलणार आहे आणि ते तिनं नीट ऐकावं. माझं ऐकून ती "गप गं" म्हणेल, तुमचं ऐकेल. बाकीचं मी समजावते.

शनिवारी दुपारच्या लोकलनं ठाण्याला येते. पाकीट काढून ठेवा. फाईल उघडवत नसेल तर तशीच टेबलावर ठेवा, मी बघते. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, चिठ्ठीही काढून ठेवा.

तुमची,
मनू