अंगणावर स्लॅब नको

क्वालालंपूर, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

संजूने पाठवलेला नकाशा पाहिला. बेलापूरचं घर पाडायचं, तळमजला अधिक दोन, आणि आतल्या अंगणावर स्लॅब. त्या दिवशी फोनवर आमची जुंपली, म्हणून आज शांतपणे लिहितेय. आई, चष्मा लावून तूच वाच, बाबा मधली वाक्यं गाळतात.

काल मर्देका चौकात जाऊन बसले होते. समोर सुलतान अब्दुल समद इमारत, 1897 ची. तांब्याचे घुमट, कमानी, घड्याळाचा मनोरा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, फोर्टातच उतरले की काय! गंमत म्हणजे मलायी माणूस असं कधी बांधतच नव्हता. त्याचं घर लाकडाचं, खांबांवर उचललेलं. पण इंग्रजांचा इंजिनिअर स्पूनर सिलोनमधून आलेला. इथले लोक मुसलमान, मग द्या घुमट, असा त्याचा हिशेब. आधी काढलेला युरोपी आराखडा बाजूला पडला आणि हिंदुस्थानातली मोगली धाटणी इथे आली. 1957 साली युनियन जॅक उतरला तोही हिच्याच समोर. आता ती यांचीच झालीय, कोणी परकी म्हणत नाही.

स्वातंत्र्यानंतर यांनी 1965 मध्ये राष्ट्रीय मशीद बांधली. तिला घुमटच नाही. उघडलेल्या छत्रीसारखं घडीघडीचं छप्पर, आणि मनोरा मिटलेल्या छत्रीसारखा. इथला पाऊस पाहिलात तर लगेच पटेल.

पण मला सांगायचंय ते चिनी दुकानघरांबद्दल. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दर्शनी भाग अरुंद, आत बोगद्यासारखी लांबी, म्हणून मधोमध उघडा चौक ठेवलेला. पाऊस सरळ घरात पडतो, उजेड आणि वारा तिथूनच. दारापुढे पाच फुटी पडवी, शेजाऱ्याच्या पडवीला जोडलेली. तो नियम इंग्रज अधिकारी रॅफल्सने 1822 मध्ये सिंगापुरात घातला. इथे आल्यावर माझी पहिली खोली अशाच घरात होती. मालकाने जागा वाया जाते म्हणून चौकावर पत्रे टाकले होते. दुपारी बारालाही दिवा लागायचा, आणि आईने दिलेल्या कांजीवरमला बुरशी आली. (हे तेव्हा सांगितलं नव्हतं. रागावू नकोस.)

मलायी घरात मुख्य भागाला 'रुमाह इबू' म्हणतात, म्हणजे आईचं घर. संसार वाढला की त्यालाच मागे-पुढे खोल्या जोडत जायच्या. बाबा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी बेलापूरच्या आपल्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत वेगळं काय केलं? सात-सात घरांचं एक अंगण, प्रत्येकाचा स्वतंत्र तुकडा, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, कारण पुढेमागे माणूस घर वाढवणारच. म्हणजे घर न पाडता संजूने मजला चढवला तर ते कोरियांच्या मनासारखंच होईल. मी त्याला उगाच 'घर मोडणारा' म्हटलं, तेवढं मागे घेते. पोरं मोठी झाली, त्याला खोली हवीच.

फक्त आतलं अंगण उघडं राहू दे. गाडी बाहेर लावा, कावळे घाण करतात तर करू देत. जुन्या पायावर मजला पेलेल का, ते आधी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कंत्राटदार 'होऊन जाईल' म्हणाला तर ऐकू नका.

आणि तुळशीमागची भिंत किती फूट ते मोजून कळवा. टेपने, बाबा. पावलांनी नको.

तुमची,
मनू