डेप्युटेशनवर गेलेले डॉक्टर आणि खिशातले कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव सीमाभागातील रुग्णाला महाराष्ट्र की कर्नाटक, कोणत्या सरकारचे आरोग्य कार्ड अधिक उपयोगी पडते, यावर वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून चर्चा होत असते. त्या चर्चेत एक मुद्दा नेहमी मागे राहतो. तो आमच्या घरावर बेतलेल्या एका प्रसंगामुळे मला नीट कळला, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत, संध्याकाळी सातच्या सुमारास, भाताच्या पेंढ्या उचलताना माझ्या धाकट्या भावाला घोणस डसली. गावापासून नऊ किलोमीटरवर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला तिथे नेले. सर्पविषावरील लस फ्रिजमध्ये होती आणि नर्सबाई हजर होत्या. परंतु ही लस टोचल्यावर एखाद्या रुग्णाच्या अंगावर गांधी उठून रक्तदाब एकदम घसरू शकतो आणि त्या वेळी डॉक्टर जवळ असावा लागतो, त्यामुळे त्यांनी ती एकटीने देण्याचे धाडस केले नाही. त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. डॉक्टरांची नेमणूक याच केंद्रात आहे, पगारही याच केंद्राच्या नावाने निघतो, मात्र आठवड्यातले चार दिवस ते डेप्युटेशनवर दुसरीकडे असतात, ही माहिती आम्हाला फाटकातच मिळाली.

पुढची हकिकत या भागातल्या कोणालाही नवी वाटणार नाही. 108 ला फोन लावण्यासाठी रेंज मिळेपर्यंत टेकडीवर जावे लागले, गाडी तालुक्याच्या गावाहून आली, तालुक्याच्या दवाखान्यात प्राथमिक उपचार करून चिठ्ठी मिळाली आणि बेळगावात लस सुरू झाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. भाऊ वाचला. मात्र उशीर झाल्यामुळे विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर झाला आणि पुढे तीन वेळा डायलिसिस करावे लागले.

आता मुद्द्याकडे येतो. भावाकडे बीपीएल कार्ड असल्याने रुग्णालयातल्या उपचारांचा मोठा भाग योजनेतून भागला. नातेवाइकांनी ‘कार्डामुळे तरलात’ असे म्हटले, आणि ते खोटेही नव्हते. पण मी वहीत हिशेब मांडून पाहिला, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. लस सरकारने आधीच विकत घेऊन आमच्यापासून नऊ किलोमीटरवर ठेवली होती. डॉक्टरांचा पगारही सरकार देतच होते. हे दोन्ही खर्च झालेले असताना, केवळ माणूस जागेवर नसल्यामुळे, सरकारला रुग्णवाहिका, अतिदक्षता विभाग आणि डायलिसिस असा तिसरा खर्च करावा लागला. रिकाम्या खुर्चीचे भाडे अशा रीतीने कार्डातून भरले जाते, आणि कागदावर त्याची नोंद ‘लाभार्थी’ अशी होते. आमच्या पदरचा जो खर्च झाला, म्हणजे गाडीभाडे, बाहेरून आणलेली औषधे, दोन माणसांचे अकरा दिवस बेळगावात राहणे आणि शिवारात तशीच पडून राहिलेली मळणी, त्याला कोणत्याही योजनेत रकाना नाही.

कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे पाऊल निश्चितच चांगले होते. त्यामुळे निदान आकडे तरी गोळा होतील. मात्र त्या नोंदीत दंश किती वाजता झाला, लस किती वाजता मिळाली आणि पहिल्या केंद्रात डॉक्टर होता की नव्हता, हे तीन तपशील एकत्र पाहिले गेले, तरच त्या आकड्यांतून काही निष्पन्न होईल.

योजनांविषयी माझी तक्रार नाही. 2018 पासून आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक या एकत्रित योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. इतरांना पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरवून दिलेल्या खर्चाच्या, 30 टक्के आणि वर्षाला कमाल दीड लाख रुपये मिळतात. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच घ्यावेत आणि तातडीचे ठरवून दिलेले उपचार वगळता खाजगी रुग्णालयात जाण्यासाठी सरकारी दवाखान्याची शिफारस असावी, हा नियमही तत्त्वतः योग्यच आहे, कारण त्यामागे सरकारी दवाखाना आधी सक्षम असेल असे गृहीत धरलेले आहे. ते गृहीत खोटे ठरले, की हाच नियम रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारात हिंडवतो. ज्या केंद्रात तपासायला डॉक्टर नाही, तिथून शिफारस तरी कोण देणार?

या हिंडण्यात आणखी एक गाठ आहे, जिची चर्चा क्वचितच होते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुका रुग्णालय आरोग्य खात्याकडे येतात. बेळगावचे जुने सिव्हिल मात्र बिम्स या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने वैद्यकीय शिक्षण खात्याच्या कक्षेत येते. दोन खाती, दोन मंत्री, दोन अंदाजपत्रके. 2011 च्या जनगणनेनुसार 47 लाख 79 हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात रुग्ण एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जातो, तेव्हा खाली काय कमी पडले याचा जाब वरच्या रुग्णालयाकडून खालच्या केंद्राला कधी जातो का, अशी शंका येते.

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचे ठरवून 54 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आणि कर्नाटकाने त्याला कडाडून विरोध केला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. मराठी माणूस म्हणून त्या निर्णयामागच्या आपुलकीचे मोल मी जाणतो आणि रुग्णाच्या मदतीला सीमावादाचा रंग देणे मला मुळीच पटले नाही. तरीही आमच्या भावासाठी त्या रात्री ते कार्ड असते तरी काय फरक पडला असता? तेही कार्ड मोठ्या रुग्णालयाच्या दारात गेल्यावरच चालते. दोन सरकारे भांडली ती साठ किलोमीटरवरच्या बिलासाठी. नऊ किलोमीटरवरच्या खुर्चीसाठी कोणी भांडले नाही.

सीमाभागातील माणसाने स्वतःपुरता मार्ग केव्हाच काढला आहे. निपाणी-चिकोडीकडचे रुग्ण कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतात आणि कणकुंबी-चोर्ल्याकडचे घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. 2018 पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा गोव्यावर राग काढणारी पत्रे पुष्कळ आली होती. मला तो राग थोडा अस्थानी वाटला. शेजाऱ्याने आपल्या विहिरीवर कुलूप घातले म्हणून बोंब मारण्याआधी, आपली विहीर कोणी बुजवली हे पाहायला हवे होते.

डेप्युटेशनचे समर्थन करताना अधिकारी मनुष्यबळाच्या टंचाईकडे बोट दाखवतात आणि त्यात तथ्य आहे. जिथे गर्दी जास्त तिथे डॉक्टर हलवावा लागतो, हे मान्य. परंतु ही हलवाहलव नेहमी एकाच दिशेने, रानाकडून रस्त्याकडे, का होते? डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीवर ही संख्या 30 हजार आहे. पण आमच्या खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात 20 हजार माणसे मोजायची तर किती ओढे आणि किती किलोमीटर रान ओलांडावे लागते, हे निकष ठरवणाऱ्यांनी एकदा जुलै महिन्यात येऊन पाहावे. तिथल्या आमगावहून रुग्णाला खांद्यावर घेऊन जंगलातून आणल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतूनच आल्या होत्या. अशा भागात ओपीडीतली गर्दी कमीच दिसणार, आणि गर्दी कमी म्हणून डॉक्टर दुसरीकडे नेला जाणार. डॉक्टर नाही म्हणून लोक येणे सोडतात आणि पुढच्या वर्षी गर्दी आणखी कमी दिसते.

कर्नाटकाच्या 2012 च्या कायद्याने वैद्यकीय पदवीधरांना एक वर्षाची सक्तीची सेवा लावली. अशा डॉक्टरला आमच्या भागातला पावसाळा एकदाच भेटतो. ओढ्यापलीकडची वाट आणि दुखणे लपवणारी घरे कळू लागतात, तोवर त्याची मुदत संपलेली असते. त्याला राहायला क्वार्टर्स म्हणून जे दिले जाते, त्याच्या छतातून पाणी गळत असेल तर तो मुक्कामाला बेळगावात राहणार, हे उघड आहे. नव्या योजनेचा फलक रंगवण्यापेक्षा छपराची कौले आधी बदलावीत.

या सगळ्यात जी खरोखर गावात राहते ती आशाताई. जानेवारी 2025 मध्ये बेंगळुरात थंडीत आंदोलन केल्यावर त्यांना दरमहा किमान 10 हजार रुपयांचे आश्वासन मिळाले. आमच्या भावाला पाय न हलवता फळीवर बांधून न्या, जखम कापू नका, असे सांगणारी तीच होती. कन्नडमधले फॉर्म घरातल्या मराठी माणसाला वाचून दाखवणे, हे कोणत्याही मानधनात न बसणारे कामही तिच्याकडेच आहे.

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि उत्तर कर्नाटकाच्या अनुशेषावर भाषणे होतात. आमच्या आमदारांनी तिथे नव्या रुग्णालयाची मागणी करू नये. त्यांनी एवढाच प्रश्न विचारावा: जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि भरलेल्यांपैकी डेप्युटेशनवर किती? हे तिन्ही आकडे दर महिन्याला केंद्राच्या दारावर कन्नड आणि मराठीत लावावेत, आणि जून ते डिसेंबर या काळात खानापूरच्या पश्चिम भागातून कोणालाही डेप्युटेशनवर पाठवू नये. त्यासाठी नवा पैसा लागत नाही.

आपल्यालाही एक विनंती आहे. आपल्या वार्ताहरांना एखाद्या रात्री नऊनंतर या भागातल्या आरोग्य केंद्रांवर पाठवावे. डॉक्टरांच्या क्वार्टर्समध्ये कुठे दिवा होता आणि कुठे नव्हता, तेवढेच गावांच्या नावांसह छापावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव