सही करण्याआधी जिना चढून ये

लातूर,
वेळा अमावस्येचा दुसरा दिवस

प्रिय रेखा,

काल येळवस, म्हणजे वेळा अमावस्या झाली. गुडघ्यानं साथ दिली नाही म्हणून मी रानात गेले नाही. भावानं संध्याकाळी भज्जी, उंडे आणि आंबिलीची बरणी घरी आणून दिली. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. अख्खं लातूर शेतात कडब्याच्या कोपीपाशी जेवत असताना मी एकटी माडीच्या खिडकीत बसले होते. मान जरा वळवली की गंजगोलाई, आपली जुनी बाजारपेठ. शटर सगळी खाली, हातगाड्या नाहीत, रिक्षा नाहीत, आणि कित्येक वर्षांनी मला गोलाई गोल दिसली. एरवी तिच्यात आपण इतके शिरलेलो असतो की तिचा आकार कळतच नाही. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती ती दुमजली इमारत, आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. लहानपणी आपण ते मोजायचो आणि दर वेळी तुझे पंधरा भरायचे.

तुझा फोन आल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. तू म्हणालीस, "दोघं भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येणार आहेत, मी सही करून मोकळी होते. गोलाईतल्या त्या पडक्या माडीचं मला काय करायचंय?" मला तेव्हा काही बोलता आलं नाही, गळा दाटला होता. २००५ च्या कायद्यानं मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे हे तुला मी सांगायला नको. आणि तुमच्या घरात मला भांडणही लावायचं नाही. पण तुझी सही झाली की ती इमारत पडणार, तिथं काचेचं कॉम्प्लेक्स उठणार, आणि तुला ती माडी शेवटची आठवेल ती १९९३ मधली. म्हणून लिहितेय.

आठवतं ना? गणपती बुडवून आपण उशिरा आलो होतो. ३० सप्टेंबर, पहाटेचे चार वाजायला आले होते. भांडी फळीवरून पडली, आणि तुझी आई तुला ओढत त्या अंधाऱ्या जिन्यानं खाली घेऊन आली. दिवस उजाडल्यावर किल्लारीच्या भूकंपाच्या बातम्या यायला लागल्या. त्यानंतर दगडमातीच्या घरात कुणाला झोप लागली? आमचे अण्णा महिनाभर आम्हाला घेऊन अंगणात झोपले, मग औसा रोडला प्लॉट घेतला, सिमेंटचं घर बांधलं. तुमच्या काकांनीही तेच केलं. गोलाईच्या गल्ल्यांमधली किती घरं अशी एकेक करून बाहेर गेली! आडत तर आधीच मार्केट यार्डात गेली होती. पूर्वी खाली आडतीची गादी, मागे वखार, वर कुटुंब असं होतं. गादी गेली, मग कुटुंबही गेलं.

तरी माड्या लगेच मेल्या नव्हत्या. त्या मेल्या त्या जिन्यामुळे, असं मला आता वाटतं. वर कुणी राहत नाही म्हटल्यावर जिन्याची चार फूट जागा फुकट चाललीय असं मालकाला वाटू लागलं. रस्त्याच्या तोंडाशी चार फूट म्हणजे एक दुकान! आमच्या गल्लीत मी मोजलं : अकरा जिने होते, त्यातले आठ बंद झाले. एकात मोबाईलची कव्हरं, एकात इमिटेशन दागिने, एकात झेरॉक्स. एकदा जिना गेला की वर कुणी जाऊच शकत नाही. फुटलेलं कौल कोण बदलणार, माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, उगवलेला पिंपळ कोण उपटणार? दहा वर्षांत तुळई कुजते, आणि मग सगळे म्हणतात, "धोकादायक झालंय, पाडा." तुमचा जिना काकड्यांच्या वेळी देवळात जाणाऱ्या बायकांना बसायची जागा होता. आता तिथं बांगड्यांचं दुकान आहे.

मी परत इकडे, आमच्या जुन्या माडीत, राहायला आले तेव्हा लेकीनं फोटो पाहून विचारलं, "आई, हे तर लॉफ्ट आहे!" मला कळेना. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरातली वरची फळी, जिच्यावर दिवाळीचे डबे आणि तुटकी इस्त्री असते. ती आर्किटेक्चर शिकतेय, तिनं समजावून सांगितलं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या ओतीव लोखंडाच्या इमारती होत्या, कापडाचे आणि छपाईचे कारखाने. कारखाने हलले, मजले ओस पडले, आणि १९६० च्या सुमाराला चित्रकार तिथं शिरले. उंच छत, मोठ्या खिडक्या, कमी भाडं. कायद्यानं तिथं राहायला बंदी होती, तरी राहिले. शेवटी १९७१ मध्ये तिथल्या प्रशासनाला कलावंतांपुरती परवानगी द्यावी लागली, १९८२ मध्ये भाडेकरूंसाठी वेगळा कायदाही झाला. आणि मग भाग इतका झळकला की भाडी परवडेनात, ज्यांनी तो जगवला त्यातल्या कित्येक चित्रकारांनाच बाहेर पडावं लागलं. ही शेवटची गोष्ट ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होते. म्हणून मला आपल्याकडे तसलं काही नकोय, कॅफे आणि फोटो काढायची जागा. मला फक्त रात्री नऊनंतर खिडक्यांत दिवे हवेत.

कारण नऊला शटर पडली की इथं काही उरत नाही. सुशोभीकरणाची चर्चा अधूनमधून होते, दिव्याचे खांब, रंग, फरशी. पण जिथं कुणी झोपत नाही तिथला बंद पडलेला दिवा कुणाला दिसणार? मी राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात समोरच्या मिरचीवाल्यानं, पहाटे शटर उघडताना, वर बघून हात केला. म्हणाला, "ताई, वरती लाईट दिसली, बरं वाटलं." एवढ्यावर मी वर्ष काढलं.

आता घराबद्दल, कारण तुझी खरी भीती तीच आहे आणि ती खोटी नाही. किल्लारीला माणसं मारली ती जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीनं. भिंत दोन पापुद्र्यांची असते, मधे गाळ आणि चिपा भरलेल्या. दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात त्या फुगतात आणि कोसळतात. पण तुला माहीत आहे का, कित्येक गावांत भिंती पडल्या आणि आतला सागवानी सांगाडा, खांब आणि तुळया, उभाच राहिला. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात जुनी घरं मजबूत करण्याच्या पद्धती त्यावरूनच सांगितल्या गेल्या. मी इंजिनिअरला बोलावलं आणि त्याच केल्या. माळवदावरची दीड फूट माती उतरवली, वीतभर ठेवली. पिढ्यान् पिढ्या पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत गेलो, काढली कधीच नाही, सगळा भार तो! भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरलं. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरकस टेकू ठोकले. भिंतीला वरून जाळीचा पट्टा आवळला. बळदाचं, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठाराचं, तोंड बुजवलं होतं, ते उघडल्यावर आत मूठभर ज्वारी निघाली. ती मी डबीत ठेवलीय, तू आलीस की दाखवेन.

माळवदातलं उजेडाचं भोक, साणं, मात्र तसंच ठेवलं, वर काच बसवली. दुपारी बाराला उन्हाचा एक गोल जमिनीवर येतो आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवर चढतो. उन्हाळ्यात औसा रोडच्या स्लॅबखाली कूलर लावूनही तडफडत होते, इथं एका पंख्यावर भागतं.

त्रासही सांगते. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा वर चढत नाही. टाकी खाली दारातल्या ढेलजेत ठेवलीय, मोटर लावते, वीज नसली की बादल्या. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते आठवलं की मला आजही नळाची चावी पूर्ण फिरवायला हात धजत नाही. गाडी लावायला जागा नाही. नवरात्रात नऊ दिवस कान बधिर होतात. वायरींचं जाळं बघून जीव धसकतो. आणि एकटी बाई बाजारात राहते म्हणून सुरुवातीला नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, ती वेगळीच. पण पुढच्या खोलीत आता दोन मुली राहतात, एक देगलूरची, एक अहमदपूरची. दोघी नीटच्या क्लाससाठी आल्यात. लातूरला बाहेरून इतकी मुलं शिकायला येतात, आणि पत्र्याच्या खोल्यांत सहा-सहा कोंबली जातात, तेव्हा गोलाईभोवतीच्या सागवानी माड्यांत पारवे राहतात. हे मला सहन होत नाही, रेखा. तुमच्या माडीत आठ मुली नीट राहू शकतील. खण, म्हणजे तुळयांमधले गाळे, मी बाहेरून मोजलेत, पाच आहेत.

बांगडीवाल्या चाचांचा प्रश्न मोठा आहे, तोही मी विचारात घेतलाय. तुझे भाऊ म्हणतात, "त्याला काढू." तसं काढता येत नाही. आपल्याकडे आधी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता, मग २००० पासून महाराष्ट्राचा लागू झाला. दोन्हीत भाडेकरूला संरक्षण आहे, आणि असायलाच हवं. तीस वर्षं त्यांनी तिथं बसून तीन लेकरांची लग्नं केली. मी त्यांच्याशी बोलले. जिन्याच्या शेजारी वखारीचं जे बंद दार आहे ती जागा दिली तर हलायला ते तयार आहेत, आहे त्याच भाड्यानं. त्यांना रस्त्याकडे तोंड हवंय, ते मिळेल. त्यांनीच मला तुमच्या आजोबांच्या खरेदीखताची नक्कल वाचून दाखवली. उर्दूत आहे, निजामाच्या काळचा फसली सन घातलाय, आणि चतु:सीमा लिहिताना "पूर्वेस जिना व आम रस्ता" असं स्पष्ट म्हटलंय. मी ती ओळ दोनदा वाचायला लावली.

तू माडी ठेवच, असा माझा हट्ट नाही. कदाचित भावांना पैशांची खरंच गरज असेल, मला आतलं माहीत नाही. पण न बघता सही करू नकोस. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलीस की सकाळी लातूर. चाचा दोन दिवस दुकान आवरून मागची फळी काढून देणार आहेत, तसा शब्द दिलाय. इंजिनिअरलाही त्याच दिवशी बोलावते, तुळई ठोकून बघेल आणि तुझ्यासमोर जे असेल ते सांगेल. वाईट निघालं तर मी एक अक्षर बोलणार नाही. रात्री माझ्याकडे राहा, धपाटे करते.

संक्रांतीआधी ये. सतरा पायऱ्या आहेत, मधली नववी हलते, तिच्यावर भार देऊ नकोस. आणि चांगला टॉर्च आण, वर अजून दिवा नाही.

तुझीच,
मंगल