चांगल्या दिवशी हात आखडता घे

श्री

आंजर्ले, ता. दापोली
रविवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज नीट वाचला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तुझी आई मध्ये बोलते आणि विषय जेवलीस का, यावर जातो. म्हणून लिहितो. रोज सकाळी दुखत्या पाठीने उठायचं, व्यायाम केला तरी दुखणं काही जात नाही, तर रोज चटई पसरायची उमेद आणायची कुठून, असं तू विचारलंस. डॉक्टर ‘नियमित करा’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. मोबाइलवर व्यायाम शिकवणारे तर असे हसत असतात, की यांना कंबर आहे की नाही अशी शंका यावी.

दुखणं जाईल असं मी म्हणणार नाही. माझं गेलेलं नाही. पण माझं आणि तुझं दुखणं एक नव्हे, हे आधी समजून घे, कारण घरातले सगळे तुला माझ्या कंबरेवरून सल्ले देतायत. माझी कंबर गेली ती आंब्याच्या पेट्यांनी आणि टेम्पोने. संध्याकाळी गाडी भरायची, रात्री कशेडीचा घाट ओलांडायचा, पहाटे वाशीचं मार्केट, उभ्या उभ्या चहा, की परत. ही कंबर कामाने दुखते आणि पाठ टेकली की थोडी निवते. तुझं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस उलटं वागतं. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच मणक्याच्या आणि कमरेखालच्या सांध्यांना सूज आणते, आणि ते पडून राहिलं की वाढतं, हालचाल केली की सैल पडतं. उत्तररात्री जाग येणं, सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ पाठीचं लाकूड झालेलं असणं, हे त्याचंच. तेव्हा आत्या दर फोनला ‘झोपून राहा गं, आराम कर’ म्हणते ते मायेने म्हणते, पण तो सल्ला तुझ्या कामाचा नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक मात्र घे हवा तर. बरं वाटतं, आणि आत्याचाही मान राहतो.

आणि ते एचएलए-बी २७, म्हणजे या आजाराशी जोडलेलं जनुक, तपासणीत पॉझिटिव्ह आलं म्हणून तिने लग्नाचा विषय काढला, तो मनावर घेऊ नकोस. ते असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार होतच नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या मेसेजांवरून मला एक दिसतं. दुखतं त्या दिवसांनी तुझा व्यायाम मोडत नाही, तो मोडतो चांगल्या दिवसांनी. रविवारी बरं वाटलं की तू सिंहगड चढतेस, येऊन कपाट आवरतेस, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जातेस. राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायची घाई. मग बुधवारपर्यंत अंथरुण, आणि गुरुवारी तू लिहितेस, ‘व्यायामाने वाढलं.’ असं दोनचारदा झालं की चटई बघूनच अंग चोरायला लागतं. त्याला आळस म्हणू नये. जे केल्यावर तीन दिवस भोगावं लागतं, ते करायला मन कसं तयार होईल?

म्हणून चांगल्या दिवशी हात आखडता घे. मला व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट तुझ्याच वयाची आहे, भारी कडक. ती म्हणते, वाईटातल्या वाईट दिवशीही जेवढं जमेल तेवढंच माप ठरवायचं आणि दोन्ही दिवशी तेवढंच करायचं. तुला वाटतं की दहा मिनिटं होतील, तर सातच धर. बरं वाटलं तरी सातच. आठवडा-दोन आठवडे बिनघोर गेले की मिनिटभर वाढव. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या सकाळी नेहमीइतकंच असेल तर झेपलं म्हणायचं. जास्त असेल आणि दिवसभर उतरलंच नाही, तर पुढच्या खेपेला निम्मं करायचं. निम्मं कर, शून्य करू नकोस. सूज भडकलेल्या दिवशी चटईवर नुसतं पालथं पडून दहा दीर्घ श्वास घेतलेस, तरी तो दिवस भरला असं धर. श्वासाचं मी उगाच म्हणत नाही. या आजारात बरगड्यांचे सांधेही आखडतात, म्हणून छाती पूर्ण फुगवणं हासुद्धा तुझ्या व्यायामाचाच भाग आहे.

तिने मला आणखी एक समजावलं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्यात मज्जातंतू नको इतके जागे होऊ शकतात, मग साध्या ताणालाही धोका समजून ओरडतात. दुखलं म्हणजे आत काही तुटलं असं दर वेळी नसतं. पण तुझ्या बाबतीत खरी सूजही आहे, तेव्हा गोळ्या बंद करून ‘मी व्यायामानेच बरी होईन’ असला हट्ट नको. औषधाने सूज उतरते, व्यायामाने पाठ हलती राहते. दोन्ही लागतं.

माझा कमरेचा पट्टा तुला आठवत असेल. तो आता खुंटीला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात पट्टा नको, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नको, व्यायाम हवा असं म्हटलंय. ते माझ्यासारख्या साध्या कंबरेसाठी. तुझं तुझ्या डॉक्टरांना विचार.

आता उमेदीचं. मी सकाळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, चालतो हे तुला माहीत आहे. पण कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि कंबर बोंबलते, म्हणून मला ओली, घट्ट वाळू लागते, म्हणजे ओहोटी लागते. तुझ्या आजोबांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, पुनवेला नि अवसेला अकरा-बाराला. म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास मी पहाटे गेलो तर पुळण कातळासारखी कडक आणि मोकळी. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर चढलेलं, चालायला उरते ती वरची मऊ वाळू. पंधरवड्यात निम्म्या सकाळी समुद्र मला जागा देत नाही. त्या दिवशी मी रस्त्याने जातो, पुलाकडे. जून ते सप्टेंबर रस्ताही नाही, दगडी पाखाडीवर शेवाळ आणि रस्त्यावर पाणी, मग पडवीतल्या पडवीत येरझारा. तुझी आई म्हणते, घरात वाघ पाळलाय. जागा बदलते, वेळ बदलत नाही. सकाळी आज जावंसं वाटतंय का, हे मी स्वतःला विचारतच नाही. कालनिर्णय बघतो, आज कुठे जायचं ते त्यावरून ठरतं, चप्पल घालतो. कधी पाच मिनिटांनी बरं वाटायला लागतं, कधी परत येईपर्यंत वाटत नाही.

तुझ्याकडे पुण्यात समुद्र नाही, पण गच्ची आहे, जिना आहे, ऑफिसचा लांब पॅसेज आहे. वेळ एक ठेव आणि तीन जागा ठरवून ठेव. आणि सकाळी उठल्या उठल्या करू नकोस, आधी गरम पाण्याने आंघोळ, ताठरपणा जरा उतरला की मग. आंघोळीनंतर चहाआधी, असं बांधून टाक. चहा तुला चुकत नाही, त्याच्या आधीचंही चुकणार नाही.

त्याच कालनिर्णयावर मी केलेल्या दिवशी पेन्सिलीने रेघ मारतो. किती दुखलं ते लिहीत नाही. आधी लिहायचो, पण सकाळी उठून ‘आज किती?’ म्हणून कंबर चाचपली की ती जास्तच दुखते. डॉक्टरांनी विचारलंच तर भेटीच्या आधी आठवडाभर लिही, पुरे.

मोबाइलमधल्या पावलांच्या आकड्याचंही तसंच. दहा हजार हा आकडा काही डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावात तो होता, तिथून तो जगभर झाला. खरी सूचना मिनिटांची आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बेताची धाप लागेल असं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ती सांगताना दीर्घ आजार असलेल्यांनाही धरलंय आणि जमत नसेल तर थोडं केलेलंही काहीच न करण्यापेक्षा चांगलं, असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा तुझ्या टीममधली मुलगी किती चालली ते बघणं सोड.

पोहणं का सोडलंस? विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली तू, पहिल्या उन्हाळ्यातच डबा सोडून दिला होतास. सांध्यांवर भार न येता सगळं अंग हलतं, तुझ्या आजारात हे फार चांगलं मानतात. तुला तिथल्या तलावात सावकाश पोहायची लाज वाटते, हे आई म्हणाली. बाजूच्या लेनमधल्या माणसाला तुझ्याकडे बघायला वेळ नसतो गं. मान वळवून श्वास घेताना दुखत असेल तर उताणी पोह.

पाठ कशासाठी हवी ते मात्र मला कळव. गेल्या गौरींना सगळ्या जणी फुगडी घालत होत्या आणि तू बाकावर बसून टाळ्या वाजवत होतीस. मी तेव्हा काही बोललो नाही. फुगडी घालच असं नाही, त्यात हिसके बसतात, आधी डॉक्टरांना विचार. पण आरतीला उभं राहायचं असेल, पंगतीत खाली बसून जेवायचं असेल, कड्यावरच्या गणपतीला गाडीने न जाता पायऱ्यांनी चढायचं असेल, तर तसं ठरव. ‘दुखणं कमी व्हावं’ एवढ्यासाठी कुणी वर्षभर व्यायाम करत नाही, कारण त्याचा हिशेब रोज चुकतो. पायऱ्या चढलीस की नाही, हे तरी सांगता येतं. वाटेतल्या गणपतीच्या पावलापाशी बसू, मलाही तिथे दम लागतो.

महिन्यातून एकदा भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून बघ, डोकं सहज टेकतंय ना. नसेल टेकत तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांग. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. या आजारात डोळ्याला सूज येऊ शकते, ती थांबून बघायची गोष्ट नाही.

काही दिवस असे येतील की सगळं नीट करूनही पाठ ऐकणार नाही. त्या दिवशी चिड, रड, आईला फोन करून मला शिव्या घाल, माझी हरकत नाही. तू तिशीच्या आत आहेस आणि हे तुझ्या वाट्याला यायला नको होतं. माझी कंबर मी कमावलेली आहे, तुझं तसं नाही, आणि यात न्याय कुठे आहे हे मला सापडलेलं नाही.

शुक्रवारच्या गाडीने आंब्याची पेटी पाठवतोय. अढीत अजून पिकायचा आहे, चार दिवस थांब. पेटी एकटीने वर नेऊ नकोस, वॉचमनला हाक मार, नाहीतर खालीच फोडून डझन-डझन पिशवीतून ने. कुळथाचं पीठ त्यातच एका कोपऱ्यात आहे, आईने गाठ घट्ट मारलीय, कात्री लागेल. फिजिओची पुढची तारीख कधी आहे ते लिही.

तुझा,
बाबा